पट एकतीस

आमच्या शाळेच्या इतिवृत्ताच्या वहीत २०२३ सालच्या एका बैठकीखाली माझी सही आहे. त्या दिवशी मी गावातच नव्हते. चुलत्यांच्या दहाव्याला माहेरी गेले होते, आणि दहाव्याची तारीख कुणी विसरत नाही. सही मात्र माझीच. मागाहून कधीतरी लेकीच्या दप्तरातून वही घरी आली असणार आणि मी मशीनवरून न उठता उघडलेल्या पानावर सही करून दिली असणार. वर लिहिलं होतं, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’

काय मंजूर केलं होतं ते मी वाचलं थेट जून २०२४ मध्ये. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षं संपत आली होती, नवी निवडायची म्हणून मुख्याध्यापक सरांनी जुन्या सदस्यांना बोलावलं. आलो आम्ही तिघी. सर चहा सांगायला बाहेर गेले आणि वही टेबलावर राहिली. खडू, फिनेल, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. गैर काही नव्हतं, हे आधीच सांगते. उलट एका वीजबिलात सरांनी पदरचे बाराशे घातलेले दिसत होते. पण वहीत दोन वर्षांच्या बावीस बैठका होत्या आणि मला आठवत होत्या चार. सर परत आले तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. ते म्हणाले, “ताई, दर महिन्याला बोलावलं तर कोण येतं, तुम्हीच सांगा.” त्यांचंही खरं होतं.

घरी येताना ठरवलं की या वेळी अध्यक्ष व्हायचं.

आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. पाऊस मोजकाच. घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोन्या-चांदीच्या आटणीच्या कामाला, परमुलखात. माझे मालक तिकडं सेलमला. गावात राहतात म्हातारी माणसं, बायका, मेंढरांमागची धनगर कुटुंबं आणि ज्यांना कुठं जाता आलं नाही ते. मी डी.एड. आहे. २०११ ला पदविका हातात आली आणि मे २०१२ मध्ये सरकारनं शिक्षक भरती थांबवली. माझ्या वर्गातल्या चाळीसजणींपैकी शाळेत किती गेल्या ते बोटांवर मोजता येईल. मी लग्न केलं, शिलाई मशीन घेतलं. त्यामुळं शाळेच्या पैशाचा विषय निघाला की मला थोडं लागतं, हे कबूल करते. ज्या बचतीपायी माझी नोकरी गेली, तीच आता माझ्या लेकरांच्या वर्गात दिसत होती.

समितीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गावात निम्म्यांना ती म्हणजे गणपती मंडळासारखी काहीतरी वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या एकविसाव्या कलमानं ती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूणात निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कसं खर्च होतं ते बघायचं. अध्यक्षाला मानधन नाही, भत्ता नाही. १५ ऑगस्टला पहिल्या रांगेत खुर्ची, आणि पैशाच्या कागदावर मुख्याध्यापकांच्या सहीशेजारी दुसरी सही.

एवढ्याशा पदासाठी कोण भांडतं, असं मला वाटायचं. पण जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता, निवडणुका लांबतच चालल्या होत्या, आणि ज्या पोरांना पुढं पंचायत समितीची स्वप्नं पडत होती ती सरावासाठी जागा शोधत होती. सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या त्यातलाच. त्याची मुलगी त्या जूनमध्ये पहिलीत आली, माझा धाकटाही पहिलीत, थोरली तिसरीत. पुतण्या वाईट नाही. गावात कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर त्याचीच गाडी लागते. त्याचं म्हणणं सरळ होतं : “मी आमदारांकडून कंपाऊंड आणतो, दोन खोल्या आणतो. वैनी काय आणणार?”

वैनी काही आणणार नव्हती. वैनी म्हणत होती की दर महिन्याचा हिशोब शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहीन. प्रचाराला हा मुद्दा किती पुचाट, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “लोकांस्नी भिंत दिसती. हिशोब कुणाला दिसतोय?”

माझा प्रचार मशीनवरच झाला. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई दहा मिनिटं तरी उभी असते. हात वर करून उभ्या बाईला उलट बोलताही येत नाही. गळ्याचं माप घेताना मी विचारायची, “तुझ्या पोराला गेल्या वर्षी शाळेतनं काय काय मिळालं?” बाई आठवायची. पुस्तकं, खिचडी, एक गणवेश. मग मी सांगायची की शाळेला वर्षाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं एक अनुदान येतं, ते पटावर ठरतं. तीसपर्यंत मुलं असली तर १० हजार, एकतीस ते शंभरला २५ हजार. आपला पट तेहतीस. त्यातनंच वीज, त्यातनंच खडू, त्यातनंच झाडू आणि फिनेल, त्यातनंच गळका नळ. एका धनगराच्या सुनेनं तिथल्या तिथं हिशोब केला : “मंजी तीन पोरं कमी झाली की पंधरा हजार गेलं? एका पोराला पाच हजार?” सरांच्या दोन वर्षांच्या वहीत मला जे दिसलं नव्हतं, ते तिनं माप देता देता सांगितलं.

पुरुषांची मतं मात्र माझ्याकडं मापाला येत नाहीत. तिथं मी कमी पडले आणि ते भरून काढायचा प्रयत्नही धड केला नाही. चावडीवर जाऊन बोलायचं धाडस झालं नाही. आता होईल, पण तेव्हा नाही झालं.

पालकसभा जुलैतल्या एका शनिवारी झाली. आधी इयत्तेनुसार नऊ पालक सदस्य निवडले, पाच बायका, चार पुरुष. त्यांच्यातून अध्यक्ष. एरवी कुणीतरी नाव सुचवतं, कुणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या होतात. या वेळी दोन नावं आली आणि सभा एकदम गप्प झाली. चेअरमन स्वतः दारात उभे. सदस्य म्हणून आलेले ग्रामपंचायतीचे आप्पा म्हणाले, “हात वर करा की, लपवायचं काय त्यात?” चेअरमनकडून पीककर्ज घेतलेला माणूस त्यांच्यादेखत कुणासाठी हात वर करणार? शाळेतल्या मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, चिठ्ठ्या घेऊया.” या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

चिठ्ठ्या ठरल्या तर ती धनगराची सून उठली. “मला लिव्हता येत न्हाय.” मग खुणा ठरल्या. माझी खूण कात्री, पुतण्याची ट्रॅक्टर. सरांनी फळ्यावर दोन्ही काढून दाखवल्या. ट्रॅक्टर काढायला अवघड म्हणून पुतण्यानं तक्रार केली, तेव्हा एक मोठं चाक काढलं तरी चालेल असं सरांनी जाहीर केलं. लोक हसले आणि सभेतला ताण गेला. चौथीच्या पोरांच्या जुन्या वहीची पानं फाडून नऊ चिठ्ठ्या केल्या, रिकामा डबा ठेवला.

पाच कात्र्या, तीन चाकं, एक कोरी. एका कात्रीची दोन्ही पाती एकाच बाजूला होती आणि मुठी भल्यामोठ्या. ती चिठ्ठी मी नंतर सरांकडून मागून घेतली. मशीनच्या खणात आहे.

पुतण्यानं उठून नमस्कार केला, “वैनी, अभिनंदन” म्हणाला. चेअरमन काही न बोलता गेले.

पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर हिशोब लिहिला. जमा : शून्य. खर्च : वीजबिल थकीत. लोक थांबून वाचायचे आणि आत येऊन विचारायचे, “एवढंच?” गावाची समजूत अशी की शाळेला लाखानं पैसा येतो आणि मास्तर खातो. त्या फळ्यानं सरांची अब्रू राखली, एवढं तरी झालं. ज्या मुद्द्याला मी स्वतःच पुचाट समजत होते, तो हळूहळू कामाला आला.

त्या वर्षी गणवेशाचा घोळ राज्यभर गाजला. आधी समित्या गणवेश घ्यायच्या, एका जोडाला ३०० रुपये या दरानं. २०२४-२५ ला ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. एक जोड वरून शिवून येणार, दुसऱ्याचं नुसतं कापड येणार, ते समितीनं स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचं. शिलाई १०० रुपये, वरखर्चाला १० रुपये. आमच्याकडं शिवलेला जोड दिवाळीनंतर आला. तिसरीतल्या पोराची चड्डी पहिलीतल्याच्या मापाची, आणि पहिलीतल्या माझ्या लेकाच्या शर्टात त्याची बहीणही मावली असती. काजं कच्ची, शिवणीला आत पाव इंचसुद्धा कापड नाही. म्हणजे उसवून मोठा करायची सोयच नव्हती. गरिबाच्या कपड्याला आत कापड सोडायचं असतं, हे कुठल्याही खेड्यातल्या शिंपिणीला कळतं.

मग दुसऱ्या जोडाचं कापड आलं, आणि माझी खरी परीक्षा. तालुक्याला पोराचा शर्ट-पँट साडेतीनशेच्या खाली कुणी शिवत नव्हतं. एकशे दहात कोण शिवणार? गावात मशीनं दोन, एक माझं. समितीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काम घेतलं तर अध्यक्षबाईंनी स्वतःच स्वतःला काम दिलं असं होणार. न घेतलं तर कापड गठ्ठ्यातच राहणार. फुकट शिवून देते म्हणावं, तर तेहतीस जोडांना माझे पंधरा दिवस जाणार, आणि माझं घर त्या मशीनवर चालतं.

शेवटी काम दुसऱ्या मशीनवाल्या आक्कांना दिलं. शिलाईचे सगळे पैसे त्यांना, रीतसर पावती, आकडा फळ्यावर. आक्कांचे डोळे अधू झालेत, म्हणून बटणं आणि काजं मी रात्री बसून केली, त्याचे पैसे घेतले नाहीत. तरी गावात व्हायचं ते बोलणं झालंच. “पैसे घेतलं न्हाईत मग काजं कशापायी केली? कायतरी असंल की.” सासूबाईंनी असं बोलणाऱ्या दोघींशी बोलणं टाकलं, मी नाही टाकलं. त्यातली एक माझी गिऱ्हाईक आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेश पुन्हा समित्यांकडं दिला. दर तोच, ३०० रुपये.

पैसे येण्याची तऱ्हा तर वेगळीच. मला वाटायचं, समितीचं खातं आहे म्हणजे त्यात पैसे असतील. आता शाळांची खाती शून्य शिल्लकीची आहेत. वरून नुसती खर्चाची मर्यादा येते, पीएफएमएस म्हणजे सरकारी पैशाच्या व्यवहारांच्या संगणकावर दिसते, आणि ३१ मार्चपर्यंत खर्ची पडली नाही तर दिसायची बंद होते. आमच्या २५ हजारांपैकी निम्मेच आले, तेही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. सरांनी तालुक्याला जाऊन पीपीए काढली, म्हणजे पैसे कुणाला द्यायचे त्याची छापील चिठ्ठी. तीवर दोघांच्या सह्या करून ती बँकेत पोचवायची. सरांच्या गाडीवर मागं बसून मी उन्हाची बँकेत गेले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “सही जुळत नाही.” बँकेतल्या नमुन्यावर मी पूर्ण नाव लिहिलं होतं आणि इथं घाईत आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर. दोन वर्षं न वाचता सह्या करणाऱ्या बाईला बँकेनं सही शिकवली. नवी पीपीए काढायला सर परत गेले. मी बँकेच्या पायरीवर अडीच तास बसले. पैसे गेले ते मार्च संपता संपता, एका दुपारी. त्या दिवशी वीज तोडायला वायरमन आलेला होता. पावतीचा फोटो दाखवल्यावर तो बिचारा खांबावरून उतरला, चहा पिऊन गेला.

अंड्यांचं थोडक्यात सांगते. २०२३ च्या शेवटाला खिचडीबरोबर आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. पोरं बुधवारी शाळा बुडवत नव्हती. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानं त्याचा निधी बंद झाला, द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणून. शासन निर्णयात ‘लोकसहभाग’ हा शब्द दिसला की आपला खिसा चाचपावा, एवढं मला आता कळतं. आमच्या भागात कोंबड्यांच्या पोल्ट्र्या आहेत. एक पोल्ट्रीवाले नाना दर बुधवारी एक ट्रे द्यायला तयार झाले. ट्रे तीस अंड्यांचा, पोरं तेहतीस. माळकऱ्यांच्या दोघांना केळी. तरी एक अंडं कमीच. ते माझ्या सासूबाईंच्या कोंबडीचं जायचं आणि ते कुणाच्या ताटात पडलं यावर पोरांच्यात पैजा लागायच्या, कारण गावरान अंडं लहान असतं. स्वयंपाकाच्या मावशी महिन्याच्या अडीच हजारांत ही सगळी कसरत करतात. त्यांचेही पैसे वेळेवर येत नाहीत.

चैत्रात जत्रा झाली. गलाईवाले गावी आले. कुस्त्यांच्या मैदानाला लाखाची इनामं लागली. मी जत्रा कमिटीपुढं उभी राहिले, चावडीवरच, आणि शाळेच्या वायरिंगला २१ हजार मिळवले. दात्यांच्या नावांची फरशी पंख्यांच्या आधी बसली.

यात वर्ष गेलं, आणि जून २०२५ आला. पट हा शब्द तोवर मी आकड्यासारखा वापरत होते. चौथीची आठ मुलं पाचवीला दुसऱ्या गावी गेली. पंचवीस राहिली. नवी पहिलीत आली पाच. तीस.

तीस म्हणजे १० हजार.

शेजारच्या वस्तीवरची शाळा अकरा पटाची आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यात १४,७८३ शाळा आहेत असा आकडा २०२३ ला आला होता, आणि त्यांच्या समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळा मिळून एक, करायचं घाटत होतं, तेव्हापासून त्या वस्तीवरचे पालक झोपेत दचकतात. आमच्यावर ती वेळ नव्हती. पण अशा शाळा एका दिवसात अकरावर येत नाहीत. तेहतीस, तीस, सव्वीस अशाच उतरत जातात.

आणि त्याच आठवड्यात चेअरमनच्या पुतण्यानं आपली मुलगी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. एकोणतीस. मी त्याला विचारायला गेले नाही. वाटेत भेटला तेव्हा तोच खाली बघून म्हणाला, “वैनी, घरात ऐकत न्हाईत. पिवळी गाडी दारात येती. आपलं काय चालतंय?” समितीतूनही तो आपोआप गेला, कारण शाळेत मूल नाही तर पालक सदस्य नाही. मला राग आला होता. पण माझे मालकही दोन वर्षं फोनवर तेच म्हणत होते, आणि मी अध्यक्ष झाल्यावरच ते म्हणायचं थांबले, हेही खरं.

दोन मुलं हवी होती. ऑगस्टमध्ये मिळाली, ती मी काही करून नव्हे. त्याच इंग्रजी शाळेत जाणारी बहीणभावंडं, तिसरी आणि पहिली. बापाचं पोल्ट्रीवरचं काम सुटलं, फीचे ९ हजार थकले, पिवळी गाडी दारात यायची बंद झाली. आई माझ्याकडं आली ती फॉल-पिकोला साडी घेऊन. साडी नवी नव्हती. पंधरा मिनिटं बसली आणि मग विचारलं, “आपल्या शाळंत घेत्यात का मधनंच?”

शाळेत बसवायला काहीच अडचण नव्हती. दाखला नसला तरी मुलाला वर्गात बसवता येतं, कायदाच तसा आहे. अडचण आकड्याची. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर मुलांची नोंद जुन्या शाळेच्या लॉगिनमध्ये. ती त्यांनी ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकली तरच आमच्या सरांना ओढून घेता येणार. पोरं आमच्या फरशीवर बसून आमची खिचडी खात होती आणि कागदावर तिकडं इंग्रजी शिकत होती. पट धरायचा ३० सप्टेंबरचा.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम पाच छापून घेऊन मी त्या शाळेत गेले. दाखला ताबडतोब द्यायचा, असं त्यात स्पष्ट आहे. कार्यालयातल्या बाईंनी ते वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, “फी भरा, लगेच सोडतो.” मी आवाज चढवला, तेव्हा संस्थेचे एक जण आतून आले. म्हणाले, “ताई, तुमच्या शाळेचं वीजबिल सरकार भरतं. आमचं कोण भरणार? आमच्याही चार बायांचा पगार थकलाय.” मला हसूच आलं. आमचं वीजबिल सरकार भरतं! मी त्यांना मार्चमधल्या वायरमनची गोष्ट सांगितली. तेही हसले. पण नोंद सोडली नाही. कायदा माझ्या बाजूला होता आणि माउस त्यांच्या हातात.

मग पत्रं झाली. केंद्रप्रमुखांना, गटशिक्षण कार्यालयाला. सरांनी मसुदा केला, मी सुवाच्य अक्षरात लिहिला, कारण डी.एड.ला अक्षराचे मार्क असायचे. पोरांच्या बापानं कुठूनतरी दोन हजार आणून भरले, ते भरायला नको होते असं मी त्याला म्हणाले तर तो म्हणाला, “उद्या त्यांच्या दारापुढनं जायाचं असतंय, वैनी.” सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थोरल्या मुलीची नोंद सुटली. तीस. धाकट्याची राहिली. का, तर त्याची नावाची जुळणी चुकलेली, आधारवर एक आणि त्यांच्याकडं दुसरं.

२९ तारखेला संध्याकाळी सात वाजता सरांचा फोन आला. ते अजून शाळेत होते, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढलेले. “आला,” एवढंच म्हणाले.

या एकतीसचे २५ हजार कधी येतील, निम्मे येतील की पुरे, ते बघायला मी अध्यक्ष असेन असं नाही. जुलै २०२६ ला समितीची मुदत संपते. पुन्हा उभी राहणार का, असं आप्पा परवा विचारत होते. मी म्हटलं, बघू.

गणवेशाचे पैसे आधीच्या पटाच्या हिशोबानं आले होते, त्यामुळं या दोघांचे आले नाहीत. महिनाभर ती पोरगी जुन्या शाळेच्या चेक्सच्या फ्रॉकमध्ये आणि टायमध्ये प्रार्थनेला उभी राहायची. टाय काढ म्हणून कुणी सांगितलं नाही, मीच मॅडमना तसं म्हटलं होतं. आक्कांकडं गेल्या वर्षीचं थोडं कापड उरलं होतं. मी तिला माप द्यायला बोलावलं. ती मला ‘मॅम’ म्हणाली, मग स्वतःच दुरुस्त करून ‘काकी’. खांद्यापासून टेप सोडली, गुडघ्यापाशी धरली, आकडा लिहिला.

“काकी, जरा मोठाच शिवा,” ती म्हणाली. “चौथीतपण घालायचाय.”

मी आत दीड इंच कापड सोडलं.